आधी चाळणी, मग जातं: घरच्या सूर्यफुलाचं बी सोलताना

ताई, तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: पुण्यात गच्चीवर १४ सूर्यफुलं लावली, फुलं चांगली भरली, वाळवून झोडपल्यावर साधारण १ किलो बी हाती आलं. दातांनी सोलायला बसलात तर तासाभरात वाटीचा तळसुद्धा झाकला नाही. मिक्सरला फिरवलं तर साल आणि गर मिळून करडं पीठ झालं. दुकानात सोललेल्या स्वच्छ बिया मिळतात, मग त्या सोलतात तरी कशा, आणि घरी हे काम जमण्यासारखं आहे का?

जमण्यासारखं आहे. मी पंचवीसेक वर्षं हे करते आहे, दर हंगामात ८-१० किलो तरी सोलते. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट अशी की बी जात्यावर फुटतं खरं, पण ते नीट फुटणार की नाही हे त्याच्या आधीच ठरलेलं असतं, चाळणीवर आणि उन्हात. बहुतेक जण थेट फोडायलाच बसतात, तुम्हीही तेच केलंत, आणि म्हणून पीठ झालं.

आम्ही लातूर जिल्ह्यातले. आपल्या देशात तेलासाठी सूर्यफुलाची लागवड १९६९ च्या सुमारास, रशियातून आणलेल्या वाणांवर सुरू झाली. पुढे लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात ते चांगलंच रुजलं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या विहिरीकडच्या रानात सगळं पिवळं दिसायचं. आज त्याच रानात सोयाबीन आहे. पण तेव्हाही घरी बी सोलायची पद्धत नव्हती, कारण माल सालीसकट तेलाच्या गिरणीला जायचा. तूर भरडायला, शेंगा फोडायला, मुगाची डाळ पाडायला घरोघरी साधन होतं आणि हातही बसलेले होते. सूर्यफुलाला तसं काहीच नव्हतं. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, तुरीच्या जात्यावर करून करून ते बसवलं. मी त्यांच्याकडून शिकले आणि मग माझ्या चुकांतून शिकले.

पहिली चूक सांगून टाकते, कारण ती कोणालाही सुचेल अशी आहे. तुरीला पाण्याचा हात लावून, वाळवून मग भरडतात ना, तसंच मी सूर्यफुलाला केलं. तुरीची साल डाळीला चिकासारख्या थराने चिकटलेली असते. पाणी लागून पुन्हा वाळली की ती सुटते. सूर्यफुलाचं टरफल म्हणजे नुसती साल नव्हे. आपण जिला बी म्हणतो ते खरं तर अख्खं फळ आहे, टरफल ही त्या फळाची भिंत आणि खरं बी आत आहे. दोन्हींच्या मध्ये विरघळण्यासारखं काही नसतं. पाणी लागलं की टरफल चामड्यासारखं चिवट होतं, फुटायच्या ऐवजी वाकतं, आणि आतला गर मात्र चेपतो. म्हणून सोलायच्या आधी पाण्याचा थेंबही नको.

आता तुमचं बी कोणत्या जातीचं आहे ते बघा. हे मी आधी विचारायला हवं, कारण निम्मं उत्तर त्यावर आहे. सूर्यफुलाचे ढोबळ दोन प्रकार. एक तेलाचं: बी लहान, काळंभोर किंवा काळपट, टरफल पातळ. आपल्याकडच्या शेतीत मॉडर्न, भानू यांसारखे वाण आणि बहुतेक संकरित वाण या प्रकारातले. दुसरं खायचं: बी लांब, मोठं, पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचं, टरफल जाड. बागेसाठी रोपवाटिकेतून मोठ्या फुलाचं म्हणून बी आणलं असेल तर हे दुसरं असण्याची शक्यता बरीच आहे.

दोन्हींतला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर एक दाणा ब्लेडने मधोमध आडवा कापा आणि उजेडात धरा. पट्ट्यांच्या दाण्यात बाहेर जाड कडं दिसेल, मग चक्क मोकळी जागा, आणि आत पातळ रुपेरी पापुद्रा गुंडाळलेला गर. दाणा कानाशी हलवला तर आत खुळखुळतो. तेलाच्या दाण्यात ती मोकळी जागा जवळजवळ नसते, काळं कडं गराला लगटून बसलेलं असतं. खुळखुळणारं बी फोडलं की टरफल दोन होड्यांसारखं उघडतं आणि गर सुटा पडतो. लगटलेलं बी फुटतं तेव्हा गरावरही तोच दाब येतो. त्यामुळे तेलाच्या जातीत तुकडा जास्त पडणारच, तो तुमच्या हाताचा दोष नाही. वजनाचा हिशोबही वेगळा आहे: तेलाच्या बियांत टरफल साधारण पाव हिस्सा असतं, खायच्या जातीत ४० ते ४५ टक्के किंवा त्याहून थोडं जास्तही. म्हणजे पट्ट्यांचं बी सोलायला सोपं, पण किलोमागे गर कमी.

एक गोष्ट मध्येच, पण महत्त्वाची. पेरणीसाठी विकत आणलेल्या पाकिटातलं उरलेलं बी कधीही खायला घेऊ नका, सोलूनसुद्धा नाही. त्याला बुरशीचं किंवा किडीचं औषध चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी किंवा निळसर रंगही दिलेला असतो. खायचं ते फक्त तुमच्या फुलातून निघालेलं.

तर सुरुवात. पहिलं काम पोचट दाणे काढायचं. सूर्यफूल बाहेरून आत भरत जातं, त्यामुळे मधल्या भागातले दाणे बऱ्याचदा पोकळ राहतात. फुलोऱ्यात मधमाश्या कमी आल्या, किंवा जमिनीत बोरॉन कमी पडलं, तर पोचट आणखी वाढतं. शहरातल्या गच्चीवर मधमाश्यांचा प्रश्न असतोच. पुढच्या वेळी फुलं उमलली की सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान तळहाताला तलम कापड गुंडाळून एकाआड एक दिवस फुलाच्या तोंडावरून हलकेच फिरवा, या फुलाचा पराग त्या फुलाला लागतो आणि दाणा भरतो. सध्या हातात आहे त्या बियांचं म्हणाल तर सुपात घेऊन पाखडा. पोचट दाणा पुढे उडतो, भरलेला मागे राहतो. सूप नसेल तर टेबलफॅनसमोर चादर पसरून दोन फूट उंचीवरून बारीक धारेने सोडा. पोचट आधीच गेलं की पुढे भुसा निम्म्याने कमी होतो.

मग ऊन. फूल कापायची वेळ बरोबर साधली असेल, म्हणजे फुलाची पाठ लिंबासारखी पिवळी पडून कडेच्या पाकळीसारख्या हिरव्या पानांना तपकिरी रंग आला असेल, तर बी पक्व आहे. पण पक्व म्हणजे वाळलेलं नव्हे. झोडपल्यानंतर कापडावर एकेरी थर करून दोन-तीन कडक उन्हं द्यायची, दिवसातून दोनदा हात फिरवायचा आणि संध्याकाळी घरात घ्यायचं. बाहेर राहिलं की दवाने सादळतं आणि दिवसभराचं ऊन वाया जातं. वाळलं का हे बघायला दाणा उभा धरून दोन नखांमध्ये कडेवर दाबा. कोरडा ‘कट्’ आवाज येऊन शिवण उघडली तर तयार. नुसताच दबला आणि टरफलाला सुरकुती पडली तर अजून एक ऊन हवं.

यात एक बारकावा आहे आणि तो मला फार उशिरा कळला. टरफल पातळ, म्हणून आधी वाळतं. गर तेलकट आणि आत झाकलेला, म्हणून मागाहून वाळतो. आपल्याला हवं आहे ते टरफल ठिसूळ आणि गर अजून किंचित लवचीक अशा वेळचं बी. म्हणून आठवडाभर वाळवून कडकडीत झालेलं बीसुद्धा चांगलं नाही, त्यात गराचा भुगा होतो. मी दोन-तीन उन्हं देऊन बी डब्यात भरून ठेवते, आणि सोलायच्या दिवशी दुपारी स्टीलच्या परातीत तासभर कडक उन्हात ठेवते. परात तापते, टरफल तडतडीत होतं, गर तसाच राहतो. ढगाळ हवेत कढई मंद आचेवर ठेवून बी पाच मिनिटं नुसतं हलवायचं, हाताला सोसवेल इतपतच गरम. भाजायचं नाही. भाजलेलं बी दातांनी फोडायला छान लागतं, पण जात्यावर त्याचा गर चुरा होतो. गरम झालेलं बी निवू द्या आणि निवल्याबरोबर कामाला लागा, कारण पुण्यात पावसाळी हवेत उघडं ठेवलं तर अर्ध्या तासात ते परत सादळतं.

आता चाळणी. सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

एकाच फुलातले दाणे सारखे नसतात. कडेचे टपोरे, मधले बारीक. जात्याच्या दोन दगडांतली फट तुम्ही टपोऱ्या दाण्याला जुळवली तर बारीक दाणा तसाच खाली निघून येतो. बारकाला जुळवली तर टपोऱ्याचं पीठ होतं. मिक्सरमध्येही हेच: मोठा दाणा लवकर फुटतो आणि बारीक फुटेपर्यंत त्याचा भुगा होतो. तुमच्या करड्या पिठाचं कारण हेच आहे. म्हणून आधी बियांचे आकाराप्रमाणे तीन वाटे करा. धान्याच्या दुकानात गोल भोकांच्या वेगवेगळ्या चाळण्या मिळतात, गव्हाची, हरभऱ्याची वगैरे. मूठभर बी घेऊन जा आणि तिथेच टाकून बघा: एका चाळणीत साधारण निम्मं बी वर राहावं, आणि खाली पडलेल्यातलं सगळ्यात बारीक दुसऱ्या चाळणीतून गळावं. एवढं जमलं की झालं. सगळ्यात बारीक वाटा सोलायच्या फंदात मी पडत नाही. तो पक्ष्यांना ठेवते. राघूंनी फुलं उभी असतानाच त्यांचा वाटा घेतलेला असतो, पण चिमण्यांनाही हवं.

फोडायचं कशावर, तर घरात काय आहे त्यावर. जातं असेल तर त्याला तोड नाही. गावाकडे कोणाच्या तरी माळ्यावर पडलेलं असतंच, आणि हल्ली शहरात लहान आकाराचं जातंही विकत मिळतं. नुकतीच टाकी लावलेलं, म्हणजे छिन्नीने खाचा पाडलेलं, धारदार जातं नको, थोडं गुळगुळीत झालेलं बरं. धारदार दगड गराला खरवडतो. वरची पाळ, म्हणजे वरचा दगड, किंचित उचलून धरायला मधल्या खुंटीवर जाड कापडाची किंवा जुन्या चपलेच्या चामड्याची, अर्थात धुऊन स्वच्छ केलेली, भोक पाडलेली चकती घालायची. एक चकती, दोन चकत्या, असं करत फट वाढवता येते. फट किती, तर दाणा आडवा झोपला की त्याची जी जाडी, तिच्याहून केसभर कमी.

हे मोजून होत नाही, करून बघावं लागतं. मूठभर बी घाला, दोन-चार फेरे द्या, आणि कडेला पडलेले २० दाणे हातात घेऊन बघा. त्यातले अकरा-बारा फुटून गर अख्खा सुटला असेल, एखाद-दुसरा तुकडा झाला असेल आणि बाकी तसेच आले असतील तर फट बरोबर आहे. पहिल्याच फेरीत सगळे फोडायचा हट्ट केला की निम्मा गर चुरा होतो. सगळे जवळजवळ अख्खे आले तर एक चकती काढा. तुकडे जास्त दिसले तर एक घाला.

वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचं बी, थोडी थोडी घालायची, आणि जातं सावकाश ओढायचं. दळताना जसा एक जोर लागलेला असतो तसा इथे नको. आत्या डोळे मिटून भरडायच्या, आणि मला वाटायचं त्या दमल्या आहेत. त्या ऐकत असायच्या. बी नीट फुटत असतं तेव्हा दगडाखालून सुटा, टिकटिक असा कोरडा आवाज येतो. फट कमी असेल किंवा वैरण जास्त झाली असेल तर तो आवाज भरीव, मऊ होतो आणि खुंटा हाताला जड लागायला लागतो. म्हणजे आत गर चिरडून तेल सुटायला लागलंय. तेव्हा लगेच थांबायचं, पाळ उचलायची, दगड कोरड्या फडक्याने पुसायचे. त्या हात वर करून नुसतं ‘थांब’ म्हणायच्या, आणि पाळ उचलली की खालच्या दगडावर खरोखर ओलसर चकाकी दिसायची. हा आवाज एकदा कानात बसला की मग बघायला वाकावं लागत नाही.

याच कारणाने एक कळकळीची विनंती: हे बी पिठाच्या गिरणीत नेऊ नका. मी एकदा हौसेने ५ किलो घेऊन गेले होते. गिरणीचा दगड गरम असतो, वेग जास्त असतो, मिनिटाभरात आत लगदा बसला आणि गिरणी उघडून दगड धुवावा लागला. गिरणीवाल्यांचाही दिवस गेला आणि माझं बीही.

जातं नसेल तर फूड प्रोसेसर बघा. त्याला कणीक मळायचं बोथट, प्लास्टिकचं पातं येतं, तेच हवं. कारखान्यातली सोलणी यंत्रंही बऱ्याचदा याच तत्त्वावर चालतात: बी वेगाने भिंतीवर आपटतं आणि टरफल तडकतं. ते कापायचं नसतं, आपटायचं असतं. भांडं पाव भरा, जास्त नाही, कारण दाण्याला उडायला जागा हवी. एक-एक सेकंदाचे चार-पाच झटके द्या, थांबा, बाहेर ओता, चाळा, फुटलेलं बाजूला काढा आणि न फुटलेलं परत घाला. सलग फिरवायचा मोह आवरा. नुसता मिक्सर असेल आणि पातं धारदारच असेल, तर सगळ्यात मोठं भांडं घ्या आणि अर्ध्या सेकंदाचे दोनच झटके. तुकडा पडेल, पण चटणीला तो चालतो. पाव किलोच्या आत बी असेल तर जाड पिशवीत एकेरी थर पसरून लाटणं जोर लावून फिरवा, तेवढ्या मापाला तेच सगळ्यात सोपं. सहज खाण्यापुरतं हाताने सोलायचं तर दाणा सपाट बाजूने दाबू नका. कडेवर, टोकाजवळ दाबा, तिथे शिवण आहे. रशिया-युक्रेनकडे गप्पा मारता मारता सूर्यफूल खातात ते असंच, दाणा उभा धरून कडेवर दात लावून.

पहिल्या फेरीनंतर समोर चार गोष्टी एकत्र असतात: गर, टरफल, चुरी आणि न फुटलेलं बी. आधी बारीक चाळणीने चुरी खाली पाडा. ती टाकू नका, पण तिच्यात टरफलाची कुसळं असतात, म्हणून ती माणसांना नको. कोंबड्यांना किंवा गाईच्या आंबोणात जाते. तुमच्या मिक्सरमधल्या करड्या पिठाचंही तेच करा, जवळपास कोणाकडे जनावरं असली तर.

मग टरफल. सुपाची सवय असेल तर तुम्हाला सांगायला नको: पाखडलं की टरफल पुढे उडतं. नंतर सूप जरा तिरकं धरून गोल घोळलं की न फुटलेलं फुगीर बी वर तरंगत येतं आणि गर खाली बसतो. ते वरचं हाताने ओढून घ्यायचं, एक आसडा द्यायचा, परत घोळायचं. सवय नसेल तर टेबलफॅन. फॅन सगळ्यात कमी वेगावर, त्याच्यापासून तीन फुटांवर पातेलं, आणि धार अगदी बारीक. गर पातेल्यात पडतो, टरफल पलीकडे उडतं. दोनदा केलं की पुरे. आणि हे गच्चीवर करा, घरात नको, टरफलाचं काळं कुसळ पडद्यांना जाऊन बसतं.

वेगळ्या काढलेल्या न फुटलेल्या बियांना दुसरी फेरी, फट एक चकती कमी करून. तिसरी फेरी मी करत नाही. राहिलेलं बी इतकं चिवट असतं की त्यापायी चांगला गर बिघडतो.

शेवटी थोडं टरफल आणि थोडं अख्खं बी राहतंच. ते निवडायचं काम पाण्यावर सोपवता येतं. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, सोललेलं मिश्रण त्यात सोडा, हाताने ढवळा. टरफल आणि अख्खं बी आतल्या हवेमुळे वर येतं, बहुतेक गर तळाला जातो. वरचं झाऱ्याने काढा, गर लगेच गाळून घ्या. हे सगळं पाच मिनिटांत उरकलं पाहिजे. भिजलेला गर पसरट सुती कापडावर घालून पंख्याखाली पाणी सुकवा आणि त्याच दिवशी उन्हात किंवा कढईत मंद आचेवर खणखणीत कोरडा करा. ओलसर गर रात्रभर राहिला की वास धरतो, आणि त्याच्यावर बुरशी आली तर तो धुऊन-भाजून खाण्याचा प्रयत्न करू नका, सरळ फेका. तेलबियांवरच्या बुरशीचं विष भाजून जात नाही. ज्यांना सुपाचा हात आहे त्यांनी पाण्याच्या वाटेला जाऊच नये. कोरडा सोललेला गर जास्त टिकतो.

किती निघेल? तेलाच्या जातीचं १ किलो बी असेल तर हिशोबाने पाऊण किलो गर आत आहे. पण घरी दोन फेऱ्यांत अख्खा आणि मोठा तुकडा मिळून माझ्या हाताला अर्ध्या किलोच्या आसपास येतो. पट्ट्यांच्या बियांतही साधारण तेवढाच, पण त्यात अख्खा दाणा जास्त. वाळवणं सोडून हाताचं काम किलोला दोन-अडीच तासांचं. पहिल्या वेळी चार तास धरा. हा वेळ जास्त वाटेल, पण तुमच्या गच्चीवरच्या १४ फुलांचा हा गर आहे, आणि ताज्या सोललेल्या गराची गोडी बंद पाकिटातल्याला नसते. दोन्ही एकदा शेजारी ठेवून चाखून बघा.

साठवणीचं गणित याच्या उलट आहे. टरफलातलं वाळलेलं बी कोरड्या डब्यात महिनोन् महिने चांगलं राहतं. सोललं की घड्याळ सुरू होतं. गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं, आणि ते हवेशी लवकर खवटणाऱ्या जातीचं. म्हणून सगळं एकदम सोलू नका. महिन्याला लागेल तेवढंच सोला, काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. गर चावल्यावर घशाशी कडवट, जुन्या तेलासारखं लागलं तर तो खायचा नाही. सोललेल्या १०० ग्रॅम गरात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं आणि ३५ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व असतं, हा ऐवज खवट करून घालवू नये.

काम झाल्यावर जातं तसंच झाकून ठेवू नका. दगडाच्या खाचांत तेल बसलेलं असतं, चार दिवसांनी त्याला वास येतो आणि पुढच्या पिठाला तो लागतो. दोन मुठी ज्वारी किंवा तांदूळ भरडून काढा, ते भरड गाईला द्या, मग कोरड्या फडक्याने पुसा.

आणि टरफलाचं काय, तर चुलीत ते उत्तम पेटतं. कुंड्यांवर आच्छादन म्हणून घालायचं असेल तर मोठ्या झाडांनाच. मेथी-कोथिंबिरीसारखं बारीक बी पेरलेल्या कुंडीत नको, सूर्यफुलाच्या अंगात इतर झाडांचं उगवणं रोखणारी द्रव्यं असतात, तिथे रोप नीट येत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात लहान मुलं आहेत असं लिहिलंय म्हणून सांगते: बी सालीसकट चघळायला मुलांना देऊ नका. अगदी लहानांना ते घशात अडकू शकतं, आणि टरफल गिळत राहिलं तर ते पचत नाही, पोटात गोळा होऊन शौचाला फार त्रास होतो. मोठ्यांना सालीसकट खारं बी आवडत असेल तर ते पट्ट्यांच्या जातीचंच करा: १ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ, त्यात बी रात्रभर भिजवायचं, निथळून वाळवायचं आणि मंद आचेवर भाजायचं. फोडून खायचं, टरफल थुंकायचं.

गराचं आमच्याकडे मुख्य काय होतं, तर चटणी. कारळ, जवस यांची करतो तशीच: गर मंद आचेवर बदामी भाजायचा, निवला की लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात अर्धबोबडा कुटायचा. मिक्सरमध्ये करायची तर झटके देऊन, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. भाकरीबरोबर वर कच्चं तेल नकोच, चटणीला आपलं तेल पुरेसं असतं. केक किंवा बिस्किटात घातलात आणि त्यात खाण्याचा सोडा असला, तर दुसऱ्या दिवशी आतून हिरवट रंग दिसेल. घाबरू नका, ती बुरशी नाही. गरातलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याबरोबर हिरवं होतं, चवीत आणि तब्येतीला काही बिघडत नाही. सोडा कमी करून थोडं ताक किंवा लिंबू घातलं की रंग येत नाही.

शेवटचं, बियाण्यासाठी. सोलायला बसण्याआधी कडेच्या रांगेतले टपोरे पन्नास-साठ दाणे बाजूला काढून ठेवा, ते तापवू नका. नवं बी काढल्या काढल्या पेरलं तर नीट उगवत नाही, त्याला दीड-दोन महिने विश्रांती लागते. तुमचं मूळ बी संकरित असेल तर त्याचं बी लावून फुलं येतील, पण सारखी येणार नाहीत: कुठे उंच, कुठे बुटकं, दाणाही लहानमोठा. ते सोलताना पुन्हा चाळणीवरच जास्त वेळ जाईल. सुधारित सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं असेल तर बिनधास्त लावा, फक्त गच्चीवर शेजारी दुसऱ्या जातीचं सूर्यफूल नको.